घरखर्च कमी करण्याच्या प्रकल्प नोंदी: वाणसामान, भाजी आणि साफसफाईचं सामान

५ जानेवारी

घरात चार माणसं. मोजायचं ते एवढंच: स्वयंपाकघरात येणारं सगळं, आणि धुणं, भांडी, फरशी, अंघोळ यांचं सामान. वीज, इंधन, प्रवास, औषधं, बाहेरचं जेवण हे हिशोबाबाहेर ठेवलं आहे. (बाहेरचं जेवण बाहेर ठेवल्यामुळे पुढे घोळ झाला, ११ मेची नोंद पाहा.)

पैशांचे आकडे इथे देत नाही, कारण एका घराच्या भावांचा दुसऱ्या घराला उपयोग नाही. पहिल्या चार आठवड्यांत जेवढ्या किमतीचं सामान खपलं त्याची साप्ताहिक सरासरी म्हणजे १०० एकक, आणि पुढचं सगळं त्या मापात.

साहित्य: एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किलोपर्यंत झेपणारा वजनकाटा, न पुसणारा मार्कर, कागदी चिकटपट्टी, एक वही आणि फ्रिजमध्ये ठेवायचा थर्मामीटर. वजनकाट्यावर पैसे वाचवायला जाऊ नये. पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्याने दाखवणारा काटा मसाल्यांच्या आणि चहाच्या कामाचा नाही.

आज फक्त वजनं घेतली. प्रत्येक डबा रिकामा कधी सापडेल याची वाट बघत बसलो तर महिना जाईल, म्हणून माल परातीत ओतून डब्याचं रिकामं वजन घेतलं आणि ते मार्करने बुडाला लिहून ठेवलं. यापुढे भरलेला डबा काट्यावर ठेवायचा आणि बुडावरचा आकडा वजा करायचा. झाकणासकट की झाकणाशिवाय, हे एकदा ठरवून सगळ्यांना सारखं लावावं. काचेच्या बरणीचं झाकण सहज पन्नास-साठ ग्रॅम भरतं. या कामात अख्खी दुपार जाते. पण ते टाळलं तर पुढचे सगळे आकडे हवेतले.

१२ जानेवारी

वहीत तेवीस रकाने आखले होते. तिसऱ्या दिवशी कोणी भरेना. ‘पापड धान्यात धरायचा की तयार खाण्यात’ असल्या प्रश्नांवर वेळ जातो आणि वही मागे पडते. रकाने सातवर आणले: धान्य-डाळी-पीठ, तेल-साखर-मीठ-मसाले-चहा, भाजी-फळं, दूध-अंडी-मांस, तयार खाणं, साफसफाई-अंघोळ, किरकोळ.

बिल घरी आल्याबरोबर फोडायचं. चार दिवसांनी फोडायला घेतलं की निम्म्या ओळींवरची संक्षिप्त नावं कळत नाहीत.

१९ जानेवारी

किरकोळ रकाना फुगतोय. बिल न घेता फोनवरून भरलेले पैसे सगळे तिथे जातात. पैसे भरतानाच व्यवहाराच्या शेऱ्यात एक शब्द टाकायचा: भाजी, दूध, साबण. तेवढं पुरतं.

२ फेब्रुवारी

चार आठवडे झाले. सगळे डबे पुन्हा तोलले, आणि खरा मुद्दा आत्ता हातात आला. बिलांची बेरीज म्हणजे खर्च नव्हे. एका आठवड्याचं बिल दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट भरत होतं आणि त्यातून काहीच कळत नव्हतं. हिशोब असा करावा लागतो:

खप = सुरुवातीचा साठा + खरेदी − शेवटचा साठा

असा खप काढला तो आठवड्याला १०० एकक. खरेदी मात्र सरासरी १०९ ची. म्हणजे दर आठवड्याला ९ एककांचा माल नुसता फडताळात जाऊन बसत होता. आज फडताळात, फ्रिजमध्ये आणि न्हाणीघराच्या कपाटात मिळून २६० एककांचा साठा आहे, म्हणजे अडीच आठवड्यांहून जास्त.

खपाची विभागणी: धान्य-डाळी-पीठ १८, तेल-साखर-मसाले ११, भाजी-फळं २१, दूध-अंडी-मांस १९, तयार खाणं १४, साफसफाई १२, किरकोळ ५. ‘खप’ म्हणताना पोटात गेलेलं आणि कचऱ्यात गेलेलं दोन्ही त्यात आहे. ते वेगळं करायचं काम मार्चमध्ये.

खर्च कमी करायचा म्हटलं की सगळे आधी भावाकडे बघतात. आमचं मत आता उलटं आहे: आधी खप माहीत हवा, भाव नंतर. किती लागतं हे माहीत नसताना स्वस्त घेतलेला माल हा साठा असतो, बचत नव्हे.

९ फेब्रुवारी

फडताळ रिकामं करून मांडलं. एकाच मसाल्याची तीन उघडी पाकिटं. जिरं दोन डब्यांत, कारण एक डबा मागच्या रांगेत होता. सांडपाणी मोकळं करायची पावडर चार पुड्या. ११ एककांचा माल टाकावा लागला, त्यात सर्वात मोठा वाटा खवट झालेल्या कोंडायुक्त पिठाचा. आख्ख्या धान्याच्या पिठात अंकुराचं तेल राहतं, ते हवेने खवट होतं. पांढरं पीठ जितकं टिकतं तितकं ते टिकत नाही. एकाच भरवशावर दोन्ही भरून ठेवली की एक टाकायची वेळ येते.

तारखांबद्दल. पाकिटावर दोन तऱ्हेच्या तारखा असतात. ‘या तारखेपूर्वी उत्तम’ ही चवीची आणि ताजेपणाची तारीख. ‘या तारखेपर्यंत वापरा’ ही सुरक्षिततेची, ती उलटली की टाकायचं. कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांच्या) लेबल-मानकातही २०१८ च्या दुरुस्तीत या दोन्हींच्या वेगळ्या व्याख्या आहेत. साखर, मीठ, कोरड्या डाळी यांच्यावरची ‘उत्तम’ तारीख उलटली म्हणून त्या टाकल्या नाहीत. वास, किडे आणि ओल पाहून ठेवल्या. दूध, मांस, शिजवलेलं तयार अन्न यांच्या बाबतीत ही मुभा नाही.

आजपासून दोन आठवडे फक्त दूध, भाजी, फळं आणि अंडी. बाकी आहे ते संपवायचं.

१६ फेब्रुवारी

उघडल्याची तारीख पाकिटावर लिहायला सुरुवात. एवढ्या नोंदींतली सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी गोष्ट हीच. पाकीट उघडलं की मार्करने तारीख टाकायची आणि संपलं की शेजारी दुसरी. टाकून देण्याआधी दोन्ही तारखा वहीत.

तेलाचं उदाहरण. ‘आठवड्याला लिटरभर लागतं’ असा सगळ्यांचा समज होता आणि त्या हिशोबाने आणलं जात होतं. एक लिटर नऊ दिवस पुरलं. म्हणजे आठवड्याला साधारण ७८० मिली. फरक दिसायला लहान आहे, पण महिन्याला जवळपास एक जास्तीची पिशवी घरात येत होती, आणि पिशवी समोर दिसली की तळण वाढतं.

तेलकट पिशवीवर मार्कर उमटत नाही. तिथे आधी चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहावं.

२३ फेब्रुवारी

दोन आठवड्यांचं बिल सरासरी ६२. घरात आनंदीआनंद झाला, पण ही बचत नाही. खप मोजला तर ९७. बिलातली बाकी सगळी घट साठा खाल्ल्यामुळे. हे पैसे एकदाच सुटतात. पुढच्या महिन्याच्या अंदाजात ६२ धरून कोणी बसू नये.

आता पुन्हा कधी आणायचं याची पातळी. साखरेचा खप आठवड्याला ३५० ग्रॅम. खरेदी आठवड्यातून एकदा. यादी करताना पुढच्या खरेदीपर्यंतचे ३५० आणि वर राखीव अर्धा आठवडा, म्हणजे १७५. यादीच्या दिवशी डब्यात ५२५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तरच साखर यादीत. दर वेळी तोलायला नको म्हणून बरोबर ५२५ ग्रॅम साखर डब्यात ओतून, हलवून सपाट करून, तिथे बाहेरून पट्टीची खूण केली. पट्टीच्या खाली दिसली की आणायची.

या खुणांचं काय बिघडतं ते लिहून ठेवतो. स्टीलच्या डब्यात बाहेरून काही दिसत नाही, तिथे झाकणाच्या आत आकडा लिहून आठवड्याला एकदा तोलावं. पीठ दाबलं की बसतं आणि ओतलं की फुगतं, त्यामुळे पिठाची पट्टी खोटं बोलते. पीठ तोललंच पाहिजे. आणि चुलीजवळच्या बरण्यांवरची पट्टी वाफेने आणि तेलाच्या धुराने आठवड्यात सुटते. तिथे काचेवर मार्करची रेघ मारून वर पारदर्शक पट्टी.

साफसफाईच्या सामानाला राखीव अर्धा आठवडा ठेवायची गरज नाही. एक चालू, एक बंद. बंद असलेलं उघडलं की यादीत.

२ मार्च

कचरा तोलायला सुरुवात. झाकणाचे दोन डबे: एकात सालं, देठ, टरफलं, चोथा, हाडं. दुसऱ्यात ‘हे खाता आलं असतं’. रोज रात्री तोलून वहीत, शेजारी एका शब्दात कारण.

तुलनेसाठी एक आकडा. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात जगभरातल्या घरांमधली अन्नाची नासाडी माणशी वर्षाला सरासरी ७९ किलो दिली आहे, आणि त्यात सालं-हाडंही धरली आहेत. चार माणसांना ते आठवड्याला सहा किलोच्या आसपास जातं.

९ मार्च

पहिला आठवडा: एकूण ४.३ किलो. त्यात सालं वगैरे २.६, खाण्याजोगं १.७. सरासरीपेक्षा कमी आहे म्हणून समाधान मानण्यात अर्थ नाही. त्या १.७ किलोंची किंमत काढली तर ६ एकक निघते, म्हणजे अख्ख्या किरकोळ रकान्याहून जास्त.

कारणांचा रकाना वाचण्यासारखा आहे. वजनात पहिला शिजवलेला भात. मग पालेभाजी. मग अर्धी वापरून ठेवलेली भाजी. फळांचा नंबर खाली, पण किमतीत ती वर चढतात. ‘खराब झालं’ हे कारण लिहू द्यायचं नाही. त्याने काही कळत नाही. ‘जास्त शिजवलं’, ‘मागे राहिलं’, ‘ओलं ठेवलं’ असं लिहायचं.

१६ मार्च — फ्रिज

थर्मामीटर नुसता कप्प्यात ठेवला तर दार उघडताच आकडा हलतो. पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवला आणि सकाळी दार उघडताच वाचला. ८ अंश सेल्सिअस. हवं ४ किंवा त्याखाली. फ्रीजरमध्ये हवं उणे १८.

आधी बटण फिरवलं. दोन दिवसांनी ६. मग दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि कागद ओढला. वरच्या बाजूला धरतो, खालच्या कोपऱ्यात सहज निघून येतो. रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसलं, घडीत अडकलेला चिकट थर काढला, कोपरा गरम पाण्याच्या फडक्याने शेकून सरळ केला. कागद धरायला लागला. शिवाय मागच्या भिंतीला टेकलेली भांडी पुढे ओढली, तिथून थंड हवा यायची वाट असते. आता ४. पालेभाजीला यामुळेच दोन दिवस जास्त मिळाले. खर्च शून्य.

दारातला कप्पा सगळ्यात गरम. दूध तिथून आत हलवलं, दारात लोणची, सॉस, पाण्याच्या बाटल्या.

पालेभाजी धुऊन ठेवायची नाही. सडकी पानं काढायची, कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळायची, डब्यात ठेवायची, आणि धुणं वापरायच्या वेळी. बंद प्लास्टिक पिशवीत पानांना घाम येतो आणि तिथूनच काळा चिकट थर सुरू होतो. मलूल झालेली पण न सडलेली पानं अर्धा तास गार पाण्यात ठेवली की पुन्हा उभी राहतात. ती ‘गेली’ म्हणून टाकली जात होती.

सफरचंद, पिकती केळी आणि टोमॅटो इथिलीन वायू सोडतात. त्याने शेजारची पालेभाजी आणि काकडी लवकर पिवळी पडते, गाजर कडवट होतं. फळांचा कप्पा वेगळा केला. कांदे-बटाटे एकाच टोपलीत होते, तेही वेगळे. बटाट्याला अंधार लागतो. उजेडात तो हिरवा पडतो आणि सोलॅनिन वाढतं, ते कडू आणि विषारी. कच्चा बटाटा फ्रिजमध्येही नको, थंडीत त्यातला स्टार्च साखरेत बदलतो आणि तळताना तुकडे काळपट होतात.

२३ मार्च — भात

‘अंदाजाने’ घेतलेला तांदूळ तोलला. एका वेळी शंभर-सव्वाशे ग्रॅमचा फरक पडतो, करणारा कोण यावर. शिजल्यावर तांदूळ वजनाने अडीच ते तीन पट होतो, म्हणजे तो फरक पातेल्यात पाव किलोच्या पुढे जातो. उरलेला भात नेमका तेवढाच निघत होता.

उपाय: तांदळाच्या डब्यातच एक वाटी ठेवली, तिच्यावर आतून दोन रेघा. खालची दोन माणसांची, वरची चारांची. वाटी डब्याबाहेर ठेवली तर दुसऱ्याच कामाला जाते.

उरलाच तर पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवायचा नाही. शिजवल्यावरही *बॅसिलस सिरियस* या जिवाणूचे बीजाणू भातात जिवंत राहतात आणि कोमट भातात वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करून जात नाही. उथळ ताटात पसरून लवकर गार करायचा आणि जास्तीत जास्त दोन तासांत फ्रिजमध्ये. नासाडी वाचवायच्या नादात पोट बिघडवून घेणं परवडत नाही.

फ्रिजमध्ये डोळ्यांच्या उंचीचा कप्पा ‘आधी हे संपवा’. पट्टीवर तारीख. शिजवलेलं काही चौथ्या दिवशीही तिथे असेल तर ते पुन्हा तेवढं करायचं नाही, असा त्याचा अर्थ.

३० मार्च

खाण्याजोगा कचरा १.७ किलोवरून ०.६ वर.

६ एप्रिल — आता भाव

सगळ्या वस्तूंचा दर-किलो, दर-लिटर तक्ता करायला घेतला होता. तो सोडून दिला. खपाच्या किमतीने उतरती यादी लावली की पहिल्या पंधरा-सोळा वस्तूंमध्येच बहुतेक पैसा असतो. तेवढ्यांचाच तक्ता केला आणि यादीच्या पाठीमागे चिकटवला. हळद पाच टक्के स्वस्त मिळाली काय, महाग मिळाली काय, महिन्याच्या हिशोबात दिसत नाही.

तेल फसवं आहे, म्हणून सविस्तर. काही डबे लिटरवर असतात, काही किलोवर. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलकं असतं: एक लिटरचं वजन साधारण ९१० ते ९२० ग्रॅम. समजा लिटरचा डबा १०० ला आणि किलोचा १०५ ला. लिटरवाला स्वस्त वाटतो. पण १०० ला मिळालं ९२० ग्रॅम, म्हणजे किलोला १०८.७. स्वस्त किलोवाला. घरी आणल्यावर हे कोणाला कळत नाही, कारण दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात.

बाकीचे असेच:

डब्यातल्या शिजवलेल्या कडधान्याचं निव्वळ वजन पाण्यासकट असतं. निथळल्यानंतरचं वजन छापलेलं असेल तर तेच धरावं. ४०० ग्रॅमच्या डब्यात बहुधा २४० च्या आसपास दाणे निघतात.

पाकीट तेच, किंमत तीच, वजन कमी. तक्त्यात नुसती किंमत न लिहिता वजन आणि किंमत दोन्ही लिहिली तरच हे पकडता येतं.

मोठं पाकीट दर वेळी स्वस्त नसतं. दोन लहान पाकिटांवर सूट असली की मोठं मागे पडतं. भागाकार करायचा, आकाराकडे बघायचं नाही.

२० एप्रिल — घाऊक खरेदी

साठा खाली आला म्हणून काही वस्तू मोठ्या मापात आणून पाहिल्या. नियम असा ठरवला होता: (टिकण्याचे आठवडे × आठवड्याचा खप) यापेक्षा मोठं माप घ्यायचं नाही. तांदूळ, डाळी, मीठ, साखर, साबणाच्या वड्या यांना तो व्यवस्थित लागू पडला.

बिघडलं ते असं.

दळलेले मसाले: टिकतात, पण वास जातो, मग प्रत्येक वेळी जास्त टाकले जातात आणि खप वाढतो. आख्खे घेऊन थोडे थोडे दळणं परवडलं.

धान्य: एका पोत्यात किडे निघाले. किड्यांची अंडी बहुतेक वेळा मालाबरोबरच येतात. आता आणलेलं पीठ आणि डाळ दोन-दोन किलोंच्या पिशव्यांत भरून, फ्रीजरमध्ये जशी जागा मोकळी होईल तशी, उणे १८ ला चार दिवस ठेवतो, मग बाहेर काढून पिशवी न उघडता पूर्णपणे खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. लगेच उघडली तर आत दव धरतं आणि किड्यांऐवजी बुरशी येते.

खाऊ: बिस्किटं, वेफर्स, दाणे. दर-किलो भाव वीस टक्के कमी पडला, पण मोठं पाकीट लहान पाकिटाइतक्याच दिवसांत संपलं. हातासमोर जितकं असेल तितकं खाल्लं जातं. घाऊक आणायचंच तर घरी आल्या आल्या आठवड्याच्या डब्यांत वाटून बाकीचं वरच्या फळीवर. नाहीतर आणू नये.

२७ एप्रिल — धुणं-भांडी

कपड्यांची पावडर चमच्याने घेतली जाते, पण शिगोशीग भरलेला चमचा तोलला तर ९५ ग्रॅम. पाकिटावर साधारण मळलेल्या कपड्यांच्या एका फेरीला ६० लिहिलं आहे. म्हणजे किलोभर पावडर सोळा फेऱ्या पुरायची ती दहात संपत होती. वेगवेगळ्या पावडरी कमीजास्त भरीव असतात, म्हणून चमचा बदलून भागत नाही. पावडर बदलली की पुन्हा तोलून चमच्यावर रेघ मारायची.

मग ४० वर जाऊन पाहिलं. कॉलर आणि बाह्यांचा मळ राहिला, टॉवेलांना ओलसर वास, आणि अर्धे कपडे दुसऱ्यांदा धुवावे लागले. नळाचं पाणी जड असेल तर पावडरचा काही भाग त्या क्षारांवरच खर्ची पडतो. परत ६०.

भांड्यांच्या द्रव साबणात पाणी घालून वापरणं चालतं, पण एकदम बाटलीभर करून ठेवू नये. पाण्याने त्यातलं टिकवणारं द्रव्यही पातळ होतं आणि आठवड्याभरात वास सुटतो. दोन-तीन दिवसांपुरतंच करावं.

घरगुती क्लीनरच्या कृती सगळीकडे फिरतात. त्यांतल्या कुठल्याही कृतीत ब्लीचबरोबर व्हिनेगर, आम्ल असलेला टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया असेल तर ती वापरायची नाही. आम्लाबरोबर क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाबरोबर क्लोरामाइन. बंद न्हाणीघरात हे जिवावर बेतू शकतं. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करणंही निरुपयोगी आहे, दोघं एकमेकांना मारतात आणि खाली जवळपास पाणीच उरतं.

अंघोळीचा साबण जाळीच्या, पाणी निथळणाऱ्या वडीदाणीत. कागदी नॅपकिनऐवजी जुन्या सुती कपड्यांचे चौकोन. या दोन्हींत सांगण्यासारखं काही बिघडलं नाही.

११ मे — कडधान्य आणि तयार खाणं

आठवड्यातली मांसाची दोन जेवणं कडधान्यावर आणली. १०० ग्रॅम कोरडं कडधान्य शिजून २३० ते २५० ग्रॅम होतं, म्हणजे निथळलेला एक डबा. रात्रभर भिजवून झाकणबंद दाबाखाली शिजवलं तर इंधनाचा खर्च किरकोळ. राजमा मात्र भिजवलेलं पाणी टाकून, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे. त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन मंद आचेवर नष्ट होत नाही आणि उलट्या होतात. जुनं कडधान्य तासन्‌तास शिजत नाही. घाऊक खरेदीत हेही धरा.

तयार खाणं १४ वरून एकदम शून्यावर आणलं होतं. वहीत आकडा सुंदर दिसला. पण महिन्याच्या बँकेच्या उताऱ्यात बाहेरच्या खाण्याचा खर्च तितकाच, थोडा जास्तच, वाढलेला. हिशोबाच्या सीमेबाहेर ढकललेला खर्च वाचलेला नसतो. संध्याकाळी पाच ते सात या वेळेत घरात हाताशी काही नसेल तर माणसं बाहेर जातात. तयार खाणं १० वर परत आणलं, बाहेरच्या खर्चासाठी आठवा रकाना उघडला.

२५ मे

लांबच्या दुकानात सगळं स्वस्त म्हणून तिकडची फेरी तपासली. यादीतल्या मालावर ४ एकक वाचतात. जाण्यायेण्याला ३ जातात, आणि यादीबाहेरचं सरासरी ५ चं घरात येतं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. तांदूळ-तेल संपेल तेव्हाच, दोन महिन्यांतून एकदा, यादी घेऊन.

घरपोच मागवताना ‘अजून एवढ्याचं घ्या, पोहोचवणं फुकट’ असं दिसलं की भर म्हणून ‘एक चालू, एक बंद’ मधली बंद वस्तू आगाऊ घ्यायची. नवीन काही नाही.

१५ जून

सगळे डबे पुन्हा तोलले. गेल्या चार आठवड्यांचा खप: धान्य-डाळी-पीठ १६, तेल-साखर-मसाले १०, भाजी-फळं १८, दूध-अंडी-मांस १५, तयार खाणं १०, साफसफाई ९, किरकोळ ३. एकूण ८१. बाहेरचं खाणं आता जानेवारीच्याच पातळीवर आहे.

मधल्या काळात भाव बदलले, म्हणून जानेवारीत खपलेला तोच माल आजच्या भावाने मांडला. तो १०३ ला पडतो. म्हणजे खरी तुलना १०३ आणि ८१ ची, घट साधारण २१ टक्के. भाव उतरले असते तर हाच हिशोब उलट दिशेने करावा लागला असता, आणि तो करायचा मोह कमी होतो.

साठा २६० वरून १४०. ते १२० एकक एकदाच सुटले, वरच्या ८१ मध्ये ते धरलेले नाहीत.

वेळ: पहिल्या महिन्यात वही, तोलणं, बिलं फोडणं याला आठवड्याला चारेक तास. आता यादीच्या दिवशी पाऊण तास. कचरा रोज तोलणं एप्रिलअखेर थांबवलं, आता महिन्यातला एकच आठवडा तोलतो.

राहिलेलं काम: फ्रीजरमध्ये बोटभर बर्फ धरलाय, तो वितळवून रबराची कागदी चाचणी पुन्हा. आत काय आहे याची यादी दारावर नाही, त्यामुळे मार्चमधले दोन डबे अजून खालीच असणार. दुधाचा खप आठवड्याच्या शेवटी जास्त आणि मध्ये कमी येतोय, त्याला एकच पातळी लागू पडत नाही. पुढचे चार आठवडे दूध दिवसवार लिहायचं.